वर्गात पेंगणारं लेकरू आणि मेंदूतली कडी



आज एका चुकीपासून सुरुवात करते. चूक माझीच आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या जिल्हा परिषद शाळेत सहावीला एक मुलगी होती. ओळख पटू नये म्हणून तिच्याबद्दलचे बारीकसारीक तपशील बदललेत. हुशार, अक्षर मोत्यासारखं. पण दिवाळीनंतर ती वर्गात झोपायला लागली. दुसऱ्या तासालाच मान खाली. हाक मारली की दचकून उठायची, पाच मिनिटांत परत तेच. लिहिता लिहिता अक्षर तिरकं व्हायचं आणि शेवटी ओळ सोडून खाली घसरायचं. मी विचारलं, रात्री मोबाइल बघतेस का? नाही म्हणाली. मला खरं वाटलं नाही. एक दिवस मी तिला पूर्ण तास उभं केलं. ती भिंतीला टेकून उभ्या उभ्या झोपली.

त्याहून विचित्र होतं तिचं हसणं. वर्गात काही गंमत झाली, सगळे खदखदून हसले की हिचे गुडघे वाकायचे, मान छातीवर पडायची, हातातली वही गळायची आणि ती तिथंच खाली बसायची. डोळे उघडे, सगळं ऐकू येतंय, पण हलता येत नाही, नीट बोलता येत नाही. अर्ध्या-एक मिनिटात पुन्हा ठीक. पोरं आणखीच हसायची. मला वाटलं, नाटक करते.

वडील म्हणाले, "मॅडम, लई आळशी झालीय, द्या दोन ठेवून." आजीचं म्हणणं, पोरीला बाहेरचं झालंय. देवऋषी झाला, अंगारा झाला. मग एका डॉक्टरांनी फिट्स समजून गोळ्या चालू केल्या, त्यानं काही फरक पडला नाही. दीड वर्षानं मोठ्या शहरातल्या एका मेंदूविकारतज्ज्ञांकडे रात्रभराची आणि दुसऱ्या दिवसाची झोपेची तपासणी झाली आणि आजाराचं नाव कळलं: नार्कोलेप्सी. तिच्या आईनं मला फोन केला. म्हणाली, "मॅडम, तिची काही चूक नव्हती म्हणं."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. डीएडला बालमानसशास्त्राचा पेपर आपण सगळ्यांनीच दिलाय. झोपेबद्दल त्यात काय वाचलं होतं ते मला आठवेना. म्हणून मग जमेल तसं वाचत गेले. त्यातलं जे समजलं ते आज इथं मांडते.

आपण रात्रभर एकाच प्रकारे झोपत नाही. १९५३ साली अमेरिकेतल्या शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की हा संशोधक विद्यार्थी आणि त्याचे मार्गदर्शक नॅथानिएल क्लाइटमन यांनी दाखवून दिलं की झोपेत ठरावीक वेळानं डोळे बंद पापण्यांखाली भराभर हलायला लागतात. ॲसेरिन्स्कीनं सुरुवातीच्या नोंदी कुणाच्या घेतल्या माहितेय? आपल्याच आठ वर्षांच्या मुलाच्या! म्हणजे आपल्या तिसरीतल्या लेकराएवढा. डोळ्यांच्या या हालचालीवरून त्या झोपेला रॅपिड आय मूव्हमेंट, थोडक्यात आरईएम झोप म्हणतात. या वेळी उठवलं तर माणूस बहुधा स्वप्न सांगतो. मेंदूच्या लहरी जवळजवळ जाग्या माणसासारख्या असतात, पण अंगाचे स्नायू पार ढिले पडलेले असतात. श्वासाचा पडदा आणि डोळे तेवढे चालू. फ्रान्समधल्या मिशेल जूव्हे यांनी म्हणूनच तिला विरोधाभासी झोप म्हटलं. मेंदू जागा, देह मेल्यागत.

देह असा ढिला का पडतो? स्वप्नात आपण पळतो, भांडतो, झाडावर चढतो. स्नायू चालू असते तर खरंच उठून पळालो असतो. मेंदूच्या खालच्या भागात एक केंद्र आहे, तिथून मज्जारज्जूला निरोप जातो आणि हातापायाच्या स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी गप्प केल्या जातात. जूव्हे यांनी मांजरांच्या मेंदूतली या भागातली एवढीशी जागा निकामी केली, तर ती मांजरं झोपेतच उठून न दिसणाऱ्या शिकारीवर झडप घालायला लागली.

आता आपल्या मुलीकडे परत येऊ. हसल्यावर तिचं अंग ढिलं पडायचं, शुद्ध मात्र असायची. आरईएम झोपेतला स्नायू बंद करण्याचा भाग तेवढा दिवसाढवळ्या, जागेपणी घुसत होता. याला कॅटाप्लेक्सी म्हणतात. रात्रीची गोष्ट दिवसा घुसू नये म्हणून मेंदूत एक कडी असते. हिची कडी निघाली होती. ही कडी कशाची बनलेली असते, ते कळायला विज्ञानाला १९९८ साल उजाडावं लागलं.

ती एका न्यूरोपेप्टाइडची असते. शब्दाला घाबरू नका. प्रथिनं अमिनो आम्लांच्या मण्यांची बनतात हे आपण आठवी-नववीत शिकलोय. त्या मण्यांची छोटीशी माळ म्हणजे पेप्टाइड, आणि मेंदूतल्या पेशी निरोपासाठी वापरतात ते न्यूरोपेप्टाइड. मेंदूत निरोप पोचवण्याच्या दोन तऱ्हा आहेत असं मी मुलांना सांगते. एक म्हणजे चिठ्ठी: या पेशीनं शेजारच्या पेशीच्या हातात दिली, तिनं वाचली, संपलं. सेकंदाच्या हजाराव्या भागाचा खेळ. दुसरी म्हणजे दवंडी. पेशी बराच वेळ जोरात काम करत असली की पेप्टाइड बाहेर पडतं, आजूबाजूला पसरतं, आणि त्याचा परिणाम सावकाश सुरू होऊन बराच वेळ टिकतो. चिठ्ठीनं एक काम होतं. दवंडीनं गावाचा नूर बदलतो. जागं राहायचं, झोपायचं की स्वप्न पाहायचं हा सगळ्या मेंदूचा नूर असतो, त्यामुळे इथं दवंडी लागते.

१९९८ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांना एकाच सुमारास हे पेप्टाइड सापडलं. एका गटानं त्याला हायपोक्रेटिन नाव दिलं. टेक्सासमधल्या मासाशी यानागिसावा आणि ताकेशी साकुराई यांच्या गटानं ओरेक्सिन म्हटलं, ग्रीक भाषेतल्या भूक या अर्थाच्या शब्दावरून, कारण उंदरांना ते दिल्यावर ते जास्त खायला लागले. एकाच पोराचं घरी एक नाव आणि शाळेत एक, तसं आजही दोन्ही नावं चालतात. आपण ओरेक्सिन म्हणू. त्याचे दोन प्रकार, एक ३३ मण्यांचा आणि एक २८ मण्यांचा. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी आहेत. त्यांपैकी ओरेक्सिन बनवणाऱ्या किती? साधारण ५० ते ८० हजार! एखाद्या तालुक्याच्या गावात मावतील एवढ्या. त्या हायपोथॅलॅमस नावाच्या भागात कडेला बसलेल्या असतात आणि त्यांचे धागे जवळजवळ सगळ्या मेंदूभर गेलेले असतात.

हे भुकेचं रसायन नसून झोपेची कडी आहे, हे कळलं कुत्र्यांमुळे. स्टॅनफर्ड विद्यापीठात नार्कोलेप्सी असलेले डॉबरमन आणि लॅब्रेडॉर कुत्रे पाळले होते. आवडीचं खाणं पुढं ठेवलं की आनंदानं त्यांचे पाय मुडपायचे आणि ते पडायचे. एमान्युएल मिन्यो यांनी दहा वर्षं त्यामागचं जनुक शोधलं. १९९९ मध्ये ते सापडलं: ओरेक्सिनचा निरोप घेणारी पेशीवरची जागाच या कुत्र्यांत बिघडलेली होती. त्याच वर्षी यानागिसावांच्या प्रयोगशाळेत ओरेक्सिन न बनणारे उंदीर तयार केले गेले. उंदीर रात्री जागे असतात, म्हणून अंधारात चित्रण केलं, तर चालता चालता ते धपकन पडत होते. आधी वाटलं फिट्स येतायत. मेंदूच्या लहरी तपासल्या तेव्हा कळलं, ही फिट नाही. हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं. आमच्या पोरीलाही पहिल्यांदा फिट्सच म्हटलं होतं.

२००० साली नार्कोलेप्सी असलेल्या माणसांच्या, मृत्यूनंतर मिळालेल्या मेंदूंची तपासणी झाली. ओरेक्सिनच्या दहांपैकी जवळजवळ नऊ पेशी नाहीशा झालेल्या होत्या. त्या का नष्ट होतात? शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच चुकून त्यांच्यावर उलटते, असं आजचं बहुतेक संशोधन सांगतं. मिन्यो आणि यानागिसावा यांना या कामासाठी २०२३ चा ब्रेकथ्रू पुरस्कार मिळाला.

आता कडी नेमकी लागते कशी ते पाहू. मेंदूच्या खालच्या भागात काही पेशी आरईएम झोप सुरू करणाऱ्या आहेत, काही ती रोखून धरणाऱ्या. दोघी एकमेकींना दाबतात, सी-सॉसारख्या. एक वर तर दुसरी खाली, मधे कुणी थांबत नाही. आपण जागे असतो तेव्हा ओरेक्सिन रोखणाऱ्या बाजूला बळ देत राहतं. नॉरॲड्रेनलिन आणि सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशीही त्याच बाजूच्या. जागेपणी त्या काम करतात, साध्या झोपेत मंदावतात आणि आरईएममध्ये जवळजवळ गप्प होतात. यातल्या नॉरॲड्रेनलिनवर आपल्याकडे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात बिरेंद्र नाथ मल्लिक यांनी बराच काळ काम केलं. ओरेक्सिन नसलं की सी-सॉच्या एका टोकाचं वजनच जातं. मग साधं हसूसुद्धा पाट उलटवायला पुरतं. म्हणजे हसणाऱ्या लेकराला आपण शिक्षा करत होतो.

याच पेशींच्या शेजारी, त्याच भागात, दुसऱ्या एका पेप्टाइडच्या पेशी राहतात. नाव मोठं आहे: मेलॅनिन कॉन्सन्ट्रेटिंग हार्मोन, म्हणजे एमसीएच. हे पहिल्यांदा सालमन माशात सापडलं, तिथं ते कातडीचा रंग फिका करतं. माशाचा रंग बदलणारी माळ आपल्या डोक्यात काय करते? उंदरांवरच्या नोंदी सांगतात की या पेशी जागेपणी गप्प असतात आणि आरईएम झोपेत सर्वांत जोरात चालतात. मेंदूत एमसीएच सोडलं तर उंदरांची आरईएम झोप वाढते. म्हणजे एक शेजारीण कडी लावते, दुसरी काढते. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या गटानं २०१९ मध्ये आणखी एक गोष्ट मांडली: आरईएम झोपेत चालणाऱ्या या पेशी उंदरांच्या मेंदूतल्या काही आठवणी पुसायला मदत करतात. पाठांतर घेणाऱ्या आपल्यासारख्यांना हे ऐकून बरं वाटणार नाही, पण वहीची भरलेली पानं फाडल्याशिवाय नवं लिहायला जागा कुठून येणार? माणसात हे असंच घडतं असं मात्र अजून म्हणता येत नाही. गॅलॅनिन वगैरे आणखी पेप्टाइडं झोपेच्या कामात आहेत, त्यांच्या खोलात आज शिरत नाही.

कुणी म्हणेल, बाई, एवढा दुर्मिळ आजार, आपल्याला काय करायचंय? हिशेब करू. जगभरातल्या पाहण्यांमध्ये लाखात साधारण २५ ते ५० जणांना नार्कोलेप्सी असते. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार होती. तेच प्रमाण आपल्याकडे धरलं तर साडेसहाशे ते तेराशे माणसं होतात. आणि हा आजार बऱ्याचदा सुरू होतो तो दहा ते वीस या वयात, म्हणजे शाळेतच. माझ्या सगळ्या नोकरीत मी हे नाव एकदाच ऐकलं. बाकीची लेकरं कुठं गेली असतील? आळशी, ढ, नाटकी, नाहीतर अंगात येणारी म्हणून वावरत असतील. झोपेतून उठताना अंग हलत नाही आणि छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटतं, हा अनुभवही गावात लगेच भुताच्या खात्यात जातो. तीही आरईएमचीच करामत. जाग आली, पण स्नायूंवरचं कुलूप अजून उघडलं नाही. हे धडधाकट माणसालाही होतं, विशेषतः झोप अपुरी झाली की. नार्कोलेप्सीत ते वारंवार होऊ शकतं.

आता दुसरं लेकरू. हे प्रत्येक वर्गात आहे.

दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातून लाखोंनी माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. हंगामी वसतिगृहाच्या योजनेमुळे काही मुलं गावात आजी-आजोबांपाशी राहतात, काही कोयत्याबरोबर जातात. चौथीतला एक मुलगा मार्चअखेर परत आला. कडी शाबूत असलेलं, ठणठणीत लेकरू. तरी वर्गात बसला की पाच मिनिटांत गाढ. झोपेत पुटपुटायचा, डोळे पापण्यांखाली हलताना मी स्वतः पाहिलेत. मी या वेळी उभं केलं नाही, जवळ बसवून विचारलं. म्हणाला, "तीनला उठायचो बाई. आई भाकरी करायची, मी बारकीला धरायचो. मंग सगळे फडात." आणि रात्री गाडी भरायला आली तर? "मंग झोपच नाही."

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. आरईएम झोप रात्रभर सारखी वाटलेली नसते. साधारण दर दीड तासानं तिची पाळी येते. पहिली पाळी काही मिनिटांची, आणि पुढं पुढं लांबत जाऊन पहाटेच्या पाळ्या अर्ध्या तासाच्या किंवा त्याहून मोठ्या होतात. दहाला झोपलेलं लेकरू सातऐवजी चारला उठवलं तर झोप एक तृतीयांश गेली असं गणित सांगतं. आरईएम झोपेचा मात्र त्याहून बराच मोठा वाटा गेला. पहाटे कापली जाते ती मुख्यतः हीच झोप. मेंदू ती उधारी विसरत नाही. संधी मिळाली की पुढच्या झोपेत नेहमीपेक्षा जास्त आणि लवकर आरईएम भरून काढतो. तो पोरगा माझ्या वर्गात पाच महिन्यांची थकबाकी वसूल करत होता असं मला वाटतं. त्याची तपासणी काही झालेली नाही, हा माझा अंदाज.

सहा ते बारा वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत नऊ ते बारा तास झोप लागते. महाराष्ट्र शासनानं फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला, त्यामागं मुलांची अपुरी झोप हे कारण होतंच. तेव्हा शिक्षकांच्या ग्रुपवर बरीच चेष्टा झाली, मीही दोन इमोजी टाकल्या होत्या. आमची शाळा तशीही दहाच्या सुमारास भरते, त्यामुळे खेड्यात त्याचा फारसा फरक नाही. शहरात सहालाच व्हॅनमध्ये बसणाऱ्या लेकरांना आहे. आपल्याकडे प्रश्न येतो उन्हाळ्यातल्या सकाळच्या शाळेचा. ऊन बघता ती हवीच. पण मग रात्री दहा-साडेदहापर्यंत लग्नाचा डीजे आणि सकाळी सातला प्रार्थना, यात लेकराची पहाट जाते. हे पालक सभेत बोलायला पाहिजे. मी बोलले तेव्हा एक आजोबा म्हणाले, "आम्ही बी पहाटं उठायचो की." बरोबर आहे आजोबा, पण तुम्ही दिवेलागणीला जेवून झोपायचातही.

पेंगणाऱ्या प्रत्येक मुलाला नार्कोलेप्सी असते असं कृपा करून समजू नका. बहुतेकांची झोपच कमी असते. काहींचे टॉन्सिल्स-ॲडिनॉइड वाढलेले असतात. रात्री घोरणं, तोंड उघडं टाकून झोपणं, मधे श्वास अडकणं हे आईला विचारलं की कळतं, आणि त्यावर उपचार आहेत. रक्त कमी असणारी मुलं आपल्याकडे कमी नाहीत, त्यांना थकवा असतो. पण रात्री पुरेशी झोप होऊनही महिनोन् महिने रोज वर्गात झोप अनावर होत असेल, आणि हसल्यावर किंवा आनंद झाल्यावर गुडघे, मान, जबडा ढिला पडत असेल, तर थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा नुसतं वजन-उंची उरकू न देता हे सांगा. पालकांना त्या प्रसंगाचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवायला सांगा. डॉक्टरांसमोर लेकरू ठणठणीत असतं, व्हिडिओ दाखवला की कळतं. निदान मेंदूविकारतज्ज्ञच करतात: रात्रभर झोपेची नोंद, मग दिवसा दोन-दोन तासांच्या अंतरानं चार-पाच डुलक्या घ्यायला लावतात. आपल्यासारख्यांना झोपल्यावर तास-दीड तासानं आरईएम येते. यांना पंधरा मिनिटांच्या आत येते, तीही एकापेक्षा जास्त डुलक्यांत. आजार पूर्ण बरा होत नाही, पण औषधांनी आणि ठरलेल्या वेळच्या डुलक्यांनी मूल शिकू शकतं, नोकरी करू शकतं.

ती मुलगी आता वरच्या वर्गात दुसऱ्या शाळेत आहे. मधल्या सुट्टीत तिला वीस मिनिटं झोपू देतात, आणि हसताना मैत्रिणी तिचा हात धरतात. मी तिला भेटून माफी मागितली. ती लाजली आणि म्हणाली, "जाऊ द्या मॅडम, मलाच कुठं माहीत होतं."

माझ्या वर्गात मागं एक सतरंजी घातलीय. जेवणानंतर ज्याला लागेल त्यानं तिथं पंधरा-वीस मिनिटं पडायचं, विचारायचं नाही. एका अधिकाऱ्यांनी भेटीत विचारलं, हे काय? मी कारण सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, शेऱ्यात काही लिहिलं नाही. चौथीतला पोरगा सुरुवातीला रोज जायचा. आता आठवड्यातून एखाद्या वेळी जातो, आणि गुणाकार येतोय त्याला. दसऱ्यानंतर काय ते माहीत नाही. आजी म्हणते ठेवून घेते, पण बापानं मुकादमाकडून उचल घेतलीय आणि बारकीला सांभाळायला कुणीतरी लागतंच.